माझा अबोला आणि कलम सहा

दुकानाची वेबसाइट बायकोकडूनच करून घ्यावी, असं मी ठरवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. बाहेरच्या माणसावर मनसोक्त ओरडता येत नाही, एवढाच माझा विचार होता.

चष्म्याचं दुकान माझं, सव्वीस वर्षांचं. वेबसाइट करून देण्याचा धंदा तिचा, आमच्या आतल्या खोलीत. तिने चार पानी करार पुढे ठेवला.

"नवऱ्याशी करार?" मी भडकलो.

"या खोलीत नवरा नसतो, ग्राहक असतो. नीट वाचा आणि सही करा."

मी न वाचताच सही ठोकली. (जवळचा चष्मा दुकानात राहिला होता. चष्मेवाल्याने हे कुणाला सांगायचं?)

चौथ्या दिवशी तिने डिझाइन दाखवलं. पहिल्याच पानावर, भलामोठा, दात काढून हसणारा, माझ्याच दुकानातली सोनेरी फ्रेम घातलेला माझा मेहुणा! ज्याला चष्मा लागतच नाही आणि ज्याने आजवर दुकानात फक्त पंख्याखाली बसून दाखवलंय, तो!

"हा कशाला?"

"चेहरा चांगला आहे त्याचा."

"आणि माझा?"

"तुम्हाला अनुभव आहे," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी ओरडलो नाही. ठेवणीतला अबोला बाहेर काढला. (याच अबोल्याच्या जोरावर मी एकदा बैठकीच्या खोलीचा पिवळा रंग बदलून घेतला होता.) आठ दिवस हूं की चूं केलं नाही. मीठ हवं असलं तरी बोट दाखवायचो. ती रोज विचारायची, "डिझाइनबद्दल काही म्हणायचंय?" मी छताकडे बघायचो. ती "बरं" म्हणून वहीत काहीतरी टिपून घ्यायची. बाई टरकली, असं मला वाटत होतं.

नवव्या दिवशी दुकानात एक गृहस्थ आले. मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मालक कधी येतील?"

"मीच मालक!"

"नाही हो, हे." त्यांनी मेहुण्याचा फोटो माझ्या नाकासमोर धरला. "सावकाश येऊ द्या, थांबतो मी."

आणि खरंच खुर्ची ओढून बसले! त्यांना तसंच सोडून मी तरातरा घरी गेलो आणि अबोला असा मोडला, की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

तिने शांतपणे करार उघडला. "कलम सहा. सात दिवसांत हरकत आली नाही, तर डिझाइन मान्य आहे असं समजून वेबसाइट सुरू करण्यात येईल."

"अगं, मी रागावलो होतो! अख्ख्या घराला दिसत होतं!"

"कलम सात. हरकत लेखी हवी. फुगलेलं तोंड चालत नाही."

"सव्वीस वर्षं उभा आहे मी त्या दुकानात," मी म्हणालो. आवाज कापला, त्याचा आणखीच राग आला. "आणि मलाच विचारतात, मालक कुठे?"

तिने कराराची पानं मिटली. मग कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. आजच करते."

मी कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं, 'मालकाचा फोटो पहिल्या पानावर, मेहुण्याएवढाच मोठा टाकावा.'

संध्याकाळी बघितलं. बाई शब्दाची पक्की! मी पहिल्याच पानावर होतो, मेहुण्याच्या शेजारी, अगदी त्याच्याएवढा. त्याच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'आमचा चष्मा घेतल्यानंतर'. आणि माझ्या फोटोखाली, 'आमचा चष्मा घेण्यापूर्वी'.