अंडी घातलेल्या लावीसमोर कुत्रीने कसं वागावं

पक्षी बसलेला असेल तर कुत्र्याने जागच्या जागी थिजावं. पक्षी चालू लागला तर पोट जमिनीला लावून त्याच्या मागोमाग सरकावं, घाई करू नये. पक्षी उडाला तर मात्र अजिबात हलू नये. त्याच्याकडे बघावं आणि गेलं ते गेलं असं समजावं. सान वेनेरियोच्या आमच्या श्वानकसोटी मंडळाची नियमावली एकशे बारा पानांची आहे, तिचा अर्क एवढाच. उरलेली पानं माणसांनी कुठे उभं राहावं, टोपी कधी काढावी आणि अपील कोणाकडे करावं यासाठी खर्ची पडली आहेत. अपील ज्याच्याविरुद्ध असतं त्याच्याकडेच करायचं असतं.

मी मंडळाचा चिटणीस. प्रमाणपत्रं मी लिहितो, कारण गावात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं आहे आणि माझं मत कोणी विचारत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी लसूणघासाच्या मैदानात वसंत कसोटी होती. निवृत्त फरशीवाला नाझ्झारेनो आपली ब्रीना घेऊन आला. ब्रीना लांब कानांची, कायम दुखवट्याला आल्यासारख्या चेहऱ्याची शिकारी कुत्री. तिच्या नावावर दोन 'उत्कृष्ट' शेरे होते. तिसरा मिळाला की ती विजेती. पण एकोणीस दिवसांनी तिला दहा वर्षं पूर्ण होत होती, आणि दहा पूर्ण झाली की कुत्रा नियमाने म्हातारा होतो. गेल्या वर्षीच मिळायचा तिसरा शेरा. मुख्य परीक्षक दोत्तोर एर्मेते यांनी तो रोखला आणि कारण लिहिलं, 'शेपटीत किंचित शंका दिसते.' दोत्तोर कशाचे डॉक्टर आहेत हे आम्ही कधी विचारलेलं नाही. ते रागावतात.

कुत्रे जोडीने सोडतात. ब्रीनाच्या जोडीला दूका होता. हा परीक्षकांच्या मेहुण्याचा, ग्वाल्तिएरोचा. चार मिनिटांत ब्रीनाने लावी हेरली. उजवा पंजा वर, शेपटी सरळ, शंका नाही. चाळीस पावलं मागे असलेल्या दूकाने ब्रीनाला थिजलेलं पाहिलं आणि तोही थिजला. नियमावलीत याला 'अनुमोदन' म्हणतात. पुढचा थांबला की मागच्याने थांबायचं, आपल्याला वास आला की नाही हे मनात आणायचं नाही. याचे गुण वेगळे मिळतात आणि जास्त मिळतात.

दोत्तोर एर्मेतेंनी डोळ्यांच्या कडा टिपल्या. "बघा. याला वास नाही, पत्ता नाही, तरी कसा उभा आहे. याला संस्कार म्हणतात."

"घरातलेच आहेत, दाजी," ग्वाल्तिएरो म्हणाला.

आता नाझ्झारेनोने पक्षी उडवायचा, पक्षी उडाला की खोट्या पिस्तुलाचा बार काढायचा आणि बारानंतरही कुत्री हलली नाही की शेरा. नाझ्झारेनोने टाळी वाजवली. लावीने त्याच्याकडे बघितलं. त्याने गवतात पाय आपटले. लावी जरा ऐसपैस बसली. तिचा जन्म पिंजऱ्यातला. त्या सकाळीच ती खोक्यातून आली होती. उडायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"उड की ग माझे आई," नाझ्झारेनो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या."

"खाली वाकू नकोस," दोत्तोर ओरडले. "कलम सत्तेचाळीस. पक्ष्याला हात, पाय, काठी किंवा टोपी लागली की कुत्री बाद."

एक वाजला. जेवणाची वेळ झाल्यावर आमच्याकडे भूकंपही थांबतो. दोत्तोरांनी कसोटी तहकूब केली आणि कुत्र्यांनी आहे त्या स्थितीत राहावं असा आदेश दिला. आम्ही जेवून, दोन दोन पेले वाइन घेऊन, जरा आडवे होऊन परत आलो, तर कुत्रे आहे त्या स्थितीत होते आणि लावीने अंडं घातलं होतं.

सोमवारी दुसरं घातलं, मंगळवारी तिसरं. पिंजऱ्यातली लावी अंडं घालून निघून जाते, हिने मात्र संसार मांडला. मंडळाची तातडीची बैठक बसली. हा पक्षी नियमाप्रमाणे 'बसलेला' मानायचा का? "बसलेला म्हणजे लपून बसलेला," दोत्तोर म्हणाले. "ही तर स्वतःच्या कामाला बसली आहे." प्रश्न उपसमितीकडे गेला. तोवर नाझ्झारेनोने कुत्रीला हाक मारली तर माघार समजली जाईल, असं मी त्याला कळवलं. अक्षर चांगलं आलं होतं.

मंगळवारी दुपारी वन्यजीव कचेरीच्या ओर्नेल्लाबाई आल्या. त्यांनी लावीभोवती शंभर पावलांवर दोर बांधला. पिल्लं उडून जाईपर्यंत आत काही हलायचं नाही.

"माझी कुत्री आत आहे, बाई," नाझ्झारेनो म्हणाला.

"घरटं व्हायच्या आधीपासून?"

"दोन तास आधीपासून."

"मग ती अधिवासाचा भाग आहे. अधिवास हलवता येत नाही."

"आणि तो मागचा?"

ओर्नेल्लाबाईंनी दूकाकडे पाहिलं. "तो अनुमोदक अधिवास."

खाण्याचं काय, हा प्रश्न उरला. नाझ्झारेनोने चेरी काढायच्या बांबूंना बांबू बांधून लांबलचक काठी केली, टोकाला डबा लावला आणि रश्शात भिजवलेला पाव ब्रीनाच्या तोंडापर्यंत पोचवू लागला. काठीलाही परवाना लागला. दोराबाहेरची काठी अर्जदाराची, आतली कचेरीची. ग्वाल्तिएरोने दूकाचंही जेवण त्याच काठीवर टाकलं आणि स्वतः समुद्राकडे हवा खायला गेला.

अकराव्या दिवशी गुरांची डॉक्टर देल्फीना तिकडून सायकलवर चालली होती. तिने पाहिलं आणि ती हसत सुटली. "अहो, पिंजऱ्यात नर कुठे होता? ही अंडी शंभर वर्षं उबवा, एक फुटायचं नाही."

ओर्नेल्लाबाईंनी फॉर्म उलटून पाहिला. "पित्याचा रकानाच नाही यात. त्यामुळे पिता नव्हता असं म्हणता येत नाही."

मग गावाला सवय झाली. शाळा सहल घेऊन आली. पाद्रीबाबांनी प्रवचनात दूकाचा दाखला दिला. न पाहता विश्वास ठेवणारा असा त्यांना माणसांत सापडला नव्हता. जिल्हा कचेरीने आपले कर्मचारी स्थैर्याच्या प्रशिक्षणाला धाडले. ते दुपारीच परत गेले, कारण शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळे दूकाचेच फोटो काढायचे. ब्रीनाच्या समोर निदान पक्षी तरी होता.

पंधराव्या दिवशी ब्रीनाचा वर धरलेला पंजा थरथरू लागला. नाझ्झारेनो दोराबाहेर घडीच्या खुर्चीवर बसून असायचा. मी परवान्याचं नूतनीकरण घेऊन गेलो, तेव्हा कागदाकडे न बघता तो म्हणाला, "मी हाक मारली तर ती येईल. म्हणून मारत नाही."

"चारच दिवस राहिले," मी म्हणालो.

"ते तिला कुठे ठाऊक आहे? तिला वाटतंय, म्हातारा सांगेल तेव्हा हलायचं. दहा वर्षं हेच शिकवलं मी. साखर दिली त्यासाठी."

एकोणिसाव्या दिवशी तीनशे माणसं जमली. दोत्तोर एर्मेतेंनी उपसमितीचा निर्णय वाचला. पक्षी 'बसलेला' मानण्यात येत आहे. शेरा देण्यास हरकत नाही, मात्र पक्षी उडाला पाहिजे. शरदात लावे आफ्रिकेकडे निघतात, तेव्हा हीही निघेल अशी अपेक्षा आहे. तोवर कसोटी चालू. आणि कसोटी चालू असेपर्यंत कुत्रीचं वय धरण्यात येणार नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तोडगा चांगला होता.

"म्हणजे ती म्हातारी होणार नाही?" नाझ्झारेनोने विचारलं.

"नोंदीत नाही."

"आणि पाय?"

"पायांचा रकाना नाही," दोत्तोर म्हणाले. "तुझ्यासाठी एवढं केलं, नाझ्झारेनो. आता तोंड वाकडं करू नकोस."

नाझ्झारेनो उठला. खुर्चीची नीट घडी केली, ती माझ्या हातात दिली आणि दोर उचलून आत गेला. कोणी अडवलं नाही. अडवायला आत जावं लागलं असतं आणि आत हलायची मनाई होती. त्याने टोपी काढली, लावी अलगद टोपीत घेतली, अंडी कोटाच्या खिशात भरली. टोपी ब्रीनाच्या नाकासमोरून गेली. ती झेपावली नाही, भुंकली नाही, फक्त नजर वळवली. हलत्या पक्ष्यासमोर कुत्र्याने कसं वागावं याचा इतका चोख नमुना मी एकवीस वर्षांत पाहिला नव्हता.

"चल, बाळ. घरी," तो म्हणाला.

ब्रीनाने पंजा खाली ठेवला, आणि लंगडत त्याच्या मागे निघाली.

दोत्तोरांनी जागीच निकाल दिला. हात आणि टोपी, कलम सत्तेचाळीसचा दुहेरी भंग, ब्रीना कायमची बाद. ओर्नेल्लाबाई संध्याकाळी अंडी जप्त करायला गेल्या, तोवर नाझ्झारेनोने ती फोडून पाहिली होती. आत काही नव्हतं. लावी त्याच्या स्वयंपाकघरात असते, रोज एक अंडं घालते आणि लगेच उठून जाते. ब्रीना गादीवर झोपते. लावी अंगावरून चालत गेली तरी ती डोळा उघडत नाही. नियमावलीत हे बसत नाही.

विजेता दूका ठरला. प्रमाणपत्र मीच लिहिलं. पण अनुमोदन संपतं ते पक्षी उडाल्यावर, आणि पक्षी तर उडालाच नाही, टोपीतून गेला. त्यामुळे दूका अजून उभा आहे. समोर कुत्री नाही, पक्षी नाही, लसूणघासही एकदा कापून झाला. दोरही तसाच आहे, कारण तो बांधायचा आदेश होता, सोडायचा नाही. डबा आता पंचायत पोचवते. रविवारी लोक येतात, पुढचा उभा दिसला की मागचे उभे राहतात. काय बघायचं असतं हे कोणी कोणाला विचारत नाही.

मंडळाने या प्रेक्षकांसाठीही 'उत्कृष्ट अनुमोदन' प्रमाणपत्र सुरू केलं आहे. एकोणीस दिवस एक थकलेली कुत्री तीन पायांवर उभी राहते आणि ते बघणारा दोराबाहेरचा माणूस जागचा हलत नाही, एवढीच पात्रता. तुम्ही पहिल्या ओळीपासून इथेच आहात, मी पाहतोय. मधे कुठे हललाही नाहीत, उलट दोनदा हसलात.

नाव सांगा. अक्षर चांगलं आहे माझं.