आजोबांची नळी

राष्ट्राचा खरा इतिहास किल्ल्यांत नसतो, दारूच्या भट्टीत असतो, असं गॉर्डन क्रुकशँक मास्तरांचं ठाम मत होतं. स्पे नदीच्या काठचा हा इतिहास ते निवृत्तीपासून, म्हणजे अकरा वर्षं, गोळा करत होते. त्यांच्या बायकोच्या, एल्स्पेथच्या मते इतिहास जेवणाच्या टेबलावर असतो. म्हणूनच क्रुकशँक कुटुंब अकरा वर्षं इस्त्रीच्या टेबलावर जेवत होतं.

गावची व्हिस्कीची भट्टी ब्याऐंशी साली बंद पडली. मास्तरांकडे तिथली जव उलटायची फावडी होती, अबकारी खात्याचं मुठीएवढं कुलूप होतं, तीनशे फोटो होते. नव्हती फक्त नळी! हातभर तांब्याची, एका टोकाला डाख देऊन बसवलेलं पेनीचं नाणं, दुसऱ्या टोकाला बूच. पिंपात बुडवून भरायची, विजारीच्या आत सोडायची आणि पहारेकऱ्याला गुड इव्हनिंग म्हणत घरी जायचं. गावातल्या प्रत्येक आजोबाकडे ती होती. एकाही नातवाकडे ती नव्हती. मास्तर घरोघर विचारत फिरले.

"आमचे आजोबा?" फार्कवरबाई कडाडल्या. "एक रविवार चर्च चुकवलं नाही त्यांनी! त्या सँडी इन्सला विचारा."

सँडी इन्स कुणाच्या तरी सिंकखाली आडवा पडला होता. तिथूनच म्हणाला, "बाईंनी पाठवलं ना? अहो, त्यांच्या आजोबांना चर्चच्या बाकावर बसता यायचं नाही, इतकी ताठ विजार!"

अशी सत्तावीस घरं झाली. मास्तरांचे गुडघे संपले, नळी मिळाली नाही. शनिवारी गावच्या हॉलमध्ये प्रदर्शन, मधली काचेची पेटी रिकामी! नळीशिवाय सगळा इतिहास म्हणजे नुसती फावडी.

शुक्रवारी दुपारी एल्स्पेथने बाथरूममध्ये डोकावलं. मास्तर करवत घेऊन खाली बसले होते.

"गॉर्डन, ती गरम पाण्याची नळी आहे."

"साठ सालची आहे. बघ, काय काळवंडलीय! रविवारी परत बसवतो."

मास्तरांनी खिशातली पेनी डाख देऊन बसवली, बूच लावलं आणि पेटीत चिठ्ठी ठेवली: 'एका अनामिक कामगाराची नळी.'

शनिवारी फार्कवरबाई पेटीसमोर आल्या आणि त्यांनी रुमालच काढला. "अनामिक कसली! आमच्या आजोबांची ही!"

"चर्चला जाणाऱ्या?" सँडीने विचारलं.

"येताना भट्टीवरून यायचे!"

"सोडा हो! ही आमच्या म्हाताऱ्याची. डाख बघा, डाख! आता कुणाला जमतो असा? डाव्या पायात घालायचा. मरेपर्यंत लंगडला!"

"माझा आजा दोन घालायचा!" मागून कोणीतरी ओरडलं. आणि मग काय! ज्या घरांत आजवर साधुसंतच जन्मले होते, त्या घरांत दहा मिनिटांत एकाहून एक अट्टल चोर निघाले. सँडीने फार्कवरबाईंच्या आजोबांना प्रामाणिक म्हटलं, तेव्हा तर हातघाईवरच आलं!

मास्तर थकून खुर्चीवर चढले. "ऐका! ही नळी माझ्या घरातून..."

"असणारच!" सँडी गरजला. "तुमचे आजोबा अबकारी खात्यात होते. त्यांनीच जप्त केली असणार!"

टाळ्या पडल्या.

"अहो, पेनीवरचं साल तरी बघा! शहाण्णव आहे! भट्टी ब्याऐंशीलाच बंद पडली!"

"मग तुम्हीच नवी बसवली असेल," फार्कवरबाई गहिवरल्या. "आमचा ठेवा, पण किती जपलात हो मास्तर!"

ठराव एकमताने झाला. नळी हॉलबाहेर जाणार नाही. पेटीला अबकारी खात्याचंच कुलूप घातलं.

संध्याकाळी एल्स्पेथने इस्त्रीच्या टेबलावर सूप वाढलं. "नळी?"

"गावाच्या मालकीची झाली."

"बरं. मग प्लंबरला बोलाव."

मास्तरांनी उठून आंघोळीसाठी किटली चढवली.

गावात प्लंबर एकच आहे. सँडी इन्स.