मटकीचे हंगेरियन

वर्तककाकांसमोर ‘वगैरे’ म्हणायची सोय नव्हती.

मी पहिल्यांदा त्यांना जेवायला बोलावलं तेव्हा सहज बोलून गेले, “काका, शनिवारी या. पाटील, कुलकर्णी वगैरे येणार आहेत.” ते दारातच थांबले. चष्मा नाकावर वर सरकवला. “वगैरे म्हणजे कोण? नावं सांगा.” मला ऐनवेळी आठवेनात. शेवटी फोन उघडून ग्रुपवरची एकेक नावं वाचून दाखवली, तेव्हा म्हणाले, “हां, आता आले सगळे.” आणि शनिवारी आमच्याकडे येऊन पाहुण्यांना सांगत हिंडले, “तुम्ही वगैरेमध्ये होतात, मी बाहेर काढलं.” माझी व्हायची ती शोभा झाली.

वर्तककाका म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुग्धाचे वडील. मुग्धा टोकियोत बँकेत, नवरा कावासाकीला आयटीत, आणि नऊ वर्षांची इरा इथे इचिकावातच शाळेत. काकू गेल्यापासून काका पुण्यात एकटे, म्हणून लेकीनं हट्टानं तीन महिन्यांच्या व्हिसावर आणलेले. आयुष्यभर त्यांनी जनगणनेच्या कचेरीत तक्ते जुळवले. प्रत्येक तक्त्याच्या तळाशी म्हणे ‘इतर’ नावाचा रकाना असायचा आणि त्या रकान्यावर काकांचा जुना राग. “ज्याचा कंटाळा आला त्याला इतरमध्ये ढकलायचं. ही काय माणसं मोजायची पद्धत झाली?” इथे आल्यावर कचऱ्याच्या तक्त्यातही त्यांनी तो हुडकून काढला. जाळायचा कचरा, न जाळायचा, बाटल्या, डबे आणि शेवटी ‘सोनोता’, म्हणजे इतर. तेवढा एक जपानी शब्द त्यांनी पाठ केला. “कचऱ्याला एक वेळ चालेल,” म्हणाले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे सांगत बसले नसते. पण काकांच्या डोक्यात एक अख्खं राज्य होतं.

दोन महायुद्धांच्या मधलं राज्य. सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं. पुढे त्याचंच नाव युगोस्लाव्हिया झालं. तरुणपणी काकांनी रद्दीच्या दुकानातून नकाशांचं एक जुनं पुस्तक आणलं, त्यात या राज्याचं पान होतं. कुठे कोण राहतं ते रंगांनी दाखवलेलं. “एवढे रंग मी रंगपेटीतही पाहिले नव्हते, मेधाताई.” झालं, तेव्हापासून हे त्या राज्याच्या मागे. तिथे कधी गेले नाहीत, तिथला माणूस कधी भेटला नाही. पण स्वतःच्या आतेभावांची नावं विसरतील, तिथले रुथेनियन कुठे राहायचे ते विसरायचे नाहीत.

“नावातच घोळ बघा,” ते माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगायचे. “तिघांची नावं पाटीवर. उद्या तुमच्या बिल्डिंगला ‘जोशी, कुलकर्णी आणि देशपांडे निवास’ म्हटलं तर शिंद्यांनी काय करायचं? जर्मन होते, हंगेरियन होते, अल्बेनियन, रुमानियन, तुर्क, झेक, स्लोव्हाक. मॅसिडोनियातल्या लोकांना तर परस्पर सर्ब करून टाकलं. बोस्नियातले मुसलमान धर्माच्या तक्त्यात सापडतात, बाकी कुठे नाहीत.” मी चहा गाळत “हो का” म्हणायचे. “आणि माणूस कोण ते ठरवलं कशावरून? मातृभाषेवरून. तुमची मातृभाषा कोणती, एवढाच प्रश्न.”

या प्रश्नापाशी आले की मात्र काका चहात बिस्किट बुडवायला लागायचे. कारण तोच प्रश्न वरच्या मजल्यावर, लेकीच्या घरात होता, आणि तो विचारायचा त्यांना धीर होत नव्हता.

इराला मराठी कळायचं, पण ती बोलायची नाही. आबांनी, म्हणजे काकांनी, विचारावं, “जेवलीस का?” की उत्तर, “ताबेता,” म्हणजे जेवले. “बागेत जाऊ या?” की, “चोत्तो मात्ते.” पोरगी उर्मट नव्हती हो. शाळेत जपानी, शाळेनंतरच्या वर्गात जपानी, आईबाप घरी येणार ते ट्रेनमध्ये चेंगरून, दमून. आबा कळल्यासारखी मान डोलवायचे आणि मग खाली येऊन मला विचारायचे, “मात्ते म्हणजे काय हो?”

“थांब.”

“थांबतो की. पण सप्टेंबरात विमान आहे.”

जायच्या आधी नातीनं आपल्याशी मराठीत चार वाक्यं बोलावीत, एवढंच त्यांना हवं होतं. फुजी दाखवायला नेलं तर नेमके ढग आले, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

इथल्या शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी आपल्या मनानं एक प्रकल्प करायचा असतो. इराच्या वर्गातली निम्मी पोरं भुंगे पाळतात. इरालाही भुंगाच हवा होता. पण घरात भुंगा नव्हता, आबा होते. ऑगस्टातल्या एका सकाळी काका माझ्या दारात, हातात रिकामी वाटी.

“मेधाताई, मटकी आहे का? हंगेरियन कमी पडले.”

मी वर जाऊन बघते तर बैठकीच्या जमिनीवर टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा, त्यावर राज्याची हद्द आखलेली, आणि मुग्धाचा महिन्याचा किराणा त्यात वसवलेला. सर्ब म्हणजे मसूरडाळ. क्रोएट तूरडाळ. वरच्या कोपऱ्यात स्लोव्हेन, साबुदाणा. जर्मनांना चणाडाळ. बोस्नियात मसूर आणि तूर एकमेकांत मिसळून सरळ खिचडी, आणि त्यात मुद्दाम उडीद. “तक्त्यात यांना जागा नव्हती. आपल्याकडे आहे,” काका म्हणाले. एक दाणा म्हणजे किती माणसं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. चिकटवायला कणकेची खळ, कारण इथल्या गोंदावर त्यांचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुर्क मागायला आले. मी राजमा दिला. तासाभरात परत. “एवढे मोठे तुर्क नव्हते.” मग मोहरी दिली. क्रांतीतून पळून आलेल्या रशियनांना तीळ गेले. त्या आठवड्यात माझ्याकडे आमटीला डाळ उरली नाही. नवऱ्यानं विचारलं, डाळ कुठे गेली, मी सांगितलं, बेलग्रेडला.

मुग्धा वैतागली. “बाबा, तिला एक भुंगा आणून द्या ना. वर्गात आधीच ती एकटी भारतीय. हे घेऊन गेली तर हसतील तिला.”

नातीला हसतील, हे काकांच्या ध्यानातच आलं नसावं. पुठ्ठा उचलून भिंतीला लावायला निघाले तर इरानं त्याचं दुसरं टोक धरून ठेवलं. तिला ते छोटे छोटे आवडायला लागले होते. एकेका दाण्यावर बोट ठेवून ती विचारायची, “कोरे वा दारे?” हा कोण? आबांना जपानी येत नव्हतं, पण एवढं बोट कोणालाही कळेल. “हा रुमानियन. हा झेक. हा अल्बेनियन.” तासन्‌तास हेच. खाली मला ते ऐकू यावं म्हणून मी नवऱ्याला टीव्ही बारीक करायला लावायचे.

मग गंमत झाली. खळीला तडे जाऊ नयेत म्हणून काका पुठ्ठ्यावर ओलं फडकं घालून ठेवायचे. त्यात इथली ऑगस्टातली दमट हवा. एका सकाळी फडकं काढलं तर हंगेरियनांना मोड आलेले. चांगले लांब, पांढरे, शेजारच्या सर्बांच्या हद्दीत घुसलेले. मुग्धानं कपाळाला हात लावला. काका वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “जननदर.”

त्याच आठवड्यात इरा आणि काका माझ्याकडे जेवायला होते. मी उसळ वाढली. इरानं चमच्यात एक दाणा घेतला, निरखून बघितला आणि म्हणाली, “हे हंगेरियन आहेत.”

काकांचा घास हातातच राहिला. “मेधाताई, कर्ता आहे, क्रियापद आहे,” ते पुटपुटले. “पूर्ण वाक्य आहे.” पुढे काही बोलली नाही ती, पण काकांनी त्या दिवशी तीनदा उसळ घेतली.

शाळेच्या प्रदर्शनाला मुग्धाला सुट्टी मिळेना, म्हणून दुभाषी म्हणून मी गेले. काका बारशाला निघाल्यासारखे इस्त्रीचा सदरा घालून, पायात शाळेच्या पाहुण्यांच्या सपाता, त्या त्यांना लहान होत होत्या. चारी बाजूंना भुंगे. मध्ये युगोस्लाव्हिया, मोडांसकट. कोणी हसलं नाही. पोरं मोडच बघत होती. इरानं जपानीत सगळे दाणे नावानिशी सांगितले, एकालाही ‘सोनोता’ म्हटलं नाही. एका मुलीनं विचारलं, हा देश कुठे आहे? “आता नाही,” इरा म्हणाली. मग माणसं कुठे गेली? इरानं आबांकडे बघितलं. मी प्रश्न मराठीत सांगितला.

“बरीच तिथंच आहेत. वरची पाटी बदलली,” काका म्हणाले. मग आवाज खाली आणून मला म्हणाले, “जर्मनांना जावं लागलं. ज्यू बहुतेक मारले गेले. ते आत्ता नका सांगू. ती मोठी झाली की मी सांगेन.” मी पहिलंच तेवढं सांगितलं. इराच्या वर्गाच्या सेन्सेईबाईंनी काकांना कमरेत वाकून नमस्कार केला. काकांनी त्यांना दोन्ही हात जोडून केला, आणि बराच वेळ थांबायचं कोणी हे दोघांनाही ठरवता येईना.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी काका माझे डबे परत करायला आले. धुऊन, पुसून, झाकणं लावून. बरोबर इरा. मी चहा टाकला, काकांसाठी बशीत बिस्किटं काढली आणि बोलायला म्हणून विचारलं, “काका, उद्या पोचाल तेव्हा घरी आहे ना कोणी? जेवणाचं काय?”

“आहेत की. कामाच्या बाई येतात. वॉचमन आहे. इतर आहेत.”

मी आधणात साखर घालता घालता थांबले. तीन महिन्यांत हा शब्द त्यांच्या तोंडून असा मी ऐकला नव्हता. विचारायचं धाडस मला होईना. स्टुलावर बसलेल्या इराला झालं.

“इतर म्हणजे कोण?” ती स्वच्छ मराठीत म्हणाली. “नावं सांग.”

काकांनी तोंड उघडलं. एका डब्याचं झाकण आधीच घट्ट होतं, ते पुन्हा दाबून बघितलं. “इतर म्हणजे,” ते म्हणाले. “तसं कोणी नाही गं, बाळ.”

“मग माझं नाव घाल.”

“इतरमध्ये?”

“नाही. वेगळं. इरा.”

चहा उतू जायला आला होता, मी गॅस बारीक केला. काका खुर्चीवर बसले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. कचेरीत बसल्यासारखे ताठ झाले. आणि ज्या प्रश्नाला सबंध उन्हाळा घाबरले होते, तो त्यांनी विचारला.

“मातृभाषा?”

इरा खरंच विचार करायला लागली. स्टुलाखाली पाय हलवत होती. “जपानी,” ती म्हणाली. काकांनी मान डोलवली, पण या वेळी ती न कळता डोलवलेली नव्हती. मग ती म्हणाली, “आबाशी मराठी.”

“असा रकाना नसतो गं,” काका म्हणाले.

“मग काढ ना एक,” इरा म्हणाली, आणि त्यांच्या बशीतलं बिस्किट उचलून खायला लागली.