गमबुटांबद्दल माझं मत कायम आहे

१९८४ सालच्या नोव्हेंबरचा शेवटचा सोमवार. हिवाळा लागला होता, बर्फ पडायचा होता. नुसता गारठा आणि पिचपिच पाऊस. ओहायोत थँक्सगिव्हिंग उरकलं की त्या सोमवारपासून बंदुकीने हरीण मारायला परवानगी असते. त्या दिवशी मी गमबूट घालून शिकारीला गेलो. शिकारीला गमबूट काही कामाचे नाहीत, हे माझं मत आधी होतं आणि नंतरही तेच आहे. मधे काय झालं ते मीच सांगतो, नाहीतर दुसरं कुणी सांगेल. (सून सांगते. फोनवर. हसून हसून.)

माझी शाळा चौथीपर्यंत. पाटणला पिठाची गिरणी होती. गिरणीच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागली ती अजून गेलेली नाही. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधी गावच्या मंडळींबरोबर डुकराच्या हाकाऱ्याला जात असे. पायात कराडी वहाणा. कुणाला सर्दी झाली नाही, कुणाची बोटं गळाली नाहीत. (डुक्कर एकदाच मिळालं. ते आधीच लंगडत होतं. पण मिळालं.)

म्हातारपणी मुलाने, श्रीरंगने, इकडे ओहायोतल्या डब्लिनला आणलं. तो सकाळी ऑफिसला जाई, सून लतिका तिच्या ऑफिसला, नात सुमेधा शाळेत. घरात मी आणि आमची ही, शरयू. एक दिवस मी फिरायला गेलो. सगळी घरं एकसारखी, त्यामुळे परत येताना तिसऱ्याच घरात जाऊन सोफ्यावर बसलो. घरातली बाई भली होती, तिने चहा दिला. पण श्रीरंगने एवढ्याशा गोष्टीचा बाऊ केला. म्हणाला, आप्पा, तुमचं नाव सीनियर सेंटरमध्ये घालतो. बस दारात येईल, दिवसभर समवयस्क मंडळी भेटतील. मी चौकशी केली. तिथे म्हातारी माणसं खुर्चीत बसून फुगे उडवतात, असं कळलं. मी सांगितलं, माझं नाव गिरणीच्या पाटीवर होतं, ते फुगेवाल्यांच्या यादीत जाणार नाही.

शेजारी वॉल्टर राहत असे. उंच, एकटा, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा. त्याची बायको गेलेली. तो इंग्रजीत बोले, मी मराठीत. भांडायला तेवढं पुरतं. अडलं की सुमेधा मधे बसे. त्याने मला शिकारीला चलतोस का, असं विचारलं. बंदूक त्याची, लायसन त्याचं, मी नुसता सोबतीला. मी लगेच हो म्हणालो आणि वहाणांना तेल लावायला घेतलं.

वॉल्टरने वहाणा हातात घेऊन वास घेतला आणि मान हलवली. त्याचं म्हणणं असं की चामड्याला माणसाचा वास धरतो, तो वाटभर जमिनीला लागतो आणि हरीण कोसभर लांबून ओळखतं. रबराला वास धरत नाही. वर पाणीही आत येत नाही. म्हणून शिकारीला रबरी बूटच.

मी त्याला सविस्तर उत्तर दिलं. डुकराचं नाक हरणाच्या नाकाला हार जाणारं नाही, वास जमिनीने नाही तर वाऱ्याने जातो, माणसाला वाऱ्याची दिशा कळली की पायात काहीही चालतं, आणि गमबूट हे गटार उपसणाऱ्याचं पादत्राण आहे, ते घालून मी हरणासमोर उभा राहणार नाही, असं सगळं सांगितलं. सुमेधा शांतपणे ऐकत होती. मग वॉल्टरला म्हणाली, "ही सेज नो."

वॉल्टर दुसऱ्या दिवशी त्याचे जादा गमबूट घेऊन आला. हिरवे, गुडघ्यापर्यंत, आत लोकरीचं अस्तर. माझे दोन्ही पाय एकात मावले असते.

इथे श्रीरंगने डाव टाकला. "आप्पा, जायचं तर हे बूट घालून जायचं. आणि आपल्या पायांनी धड परत यायचं. आलात, तर सेंटरचं नाव पुन्हा काढणार नाही."

"आणि नाही आलो तर?"

"तर बुधवारची बस."

मी बूट घेतले. मत बदललं म्हणून नाही. अटीवर घेतले.

सोमवारी पहाटे शरयूने खोबरेलात ओवा टाकून तेल कढवलं आणि माझ्या पायांना चोळलं. थंडीत पाय आखडतात म्हणून. उरलेलं तेल तिने बुटांच्या आत सगळीकडून फिरवलं, पाय सहज जावेत म्हणून. मग वॉल्टरने दिलेलं नारिंगी जाकीट माझ्या अंगावर चढवलं. शिकाऱ्याने शिकाऱ्याला मारू नये म्हणून इथे असं जाकीट घालायचा नियम आहे. शरयूने मला खालून वर न्याहाळलं.

"अहो, भगवं शोभतंय. आता परत नाही आलात तरी चालेल."

वॉल्टरच्या मेव्हण्याचं शेत तासाभराच्या वाटेवर होतं. ट्रक बांधाशी उभा केला आणि मक्याच्या खुंटांतून चालत निघालो. बूट माझ्याआधी पाऊल टाकत आणि मी मागून त्यांत पोचत असे. फदक फदक आवाज होत होता. वॉल्टरने दोनदा मागे वळून बघितलं. मी त्याला खूण केली की आवाज तुझ्या बुटांचा आहे, माझा नाही.

शेताच्या टोकाला झाडीत त्याचं लाकडी खोपटं होतं, उंच खांबांवर, वर पत्रा, मागे शिडी. आमच्याकडे मचाण म्हणतात तसंच, फक्त याला दार होतं. वॉल्टर आधी वर चढला. बंदूक भिंतीला टेकवली, सँडविचं आणि कॉफीचा थर्मास फळीवर मांडला. मी शिडीपाशी थांबलो. वर अन्न होतं आणि शस्त्र होतं. आम्ही दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिरणीच्या पान्ह्याचीसुद्धा पूजा करतो. तिथे चिखलाचं पादत्राण घालून जायची पद्धत आमच्यात नाही, मग देश कुठलाही असो. मी गमबूट काढले, शिडीच्या बाजूला जोडीने नीट उभे केले आणि मोज्यांवर वर गेलो.

वॉल्टर माझ्या पायांकडे बघत राहिला. मी बंदुकीकडे बोट दाखवलं आणि तिला हात जोडले. त्याने थोडा विचार केला. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे. बुटांचा विषय सोडून.

मग आम्ही बसलो. पाऊस वाढला. पत्र्यावर चांगला ताशा वाजत होता. माझे पाय ओव्याने गरम होते आणि खोपटभर बाळंतिणीच्या खोलीसारखा वास सुटला होता. वॉल्टरने समोरची खिडकी उघडली. मग बाजूचीही उघडली.

दुपारी पाऊस थांबला आणि वारा बोचरा झाला. समोरच्या रानात काही हलत नव्हतं. एवढ्यात वॉल्टरने माझं मनगट दाबलं आणि मागे, फळ्यांच्या फटीकडे बोट केलं. मी फटीला डोळा लावला. खाली शिडीपाशी शिंगवाला नर उभा होता. भरलेला, देखणा. आणि तो माझ्या गमबुटाचा वास घेत होता. नुसता वास घेत नव्हता, काठावरचं तेल चाटत होता.

वॉल्टरने अगदी सावकाश बंदूक उचलली. एक पाऊल सरकून तो दाराशी आला. आता फक्त दार ढकलायचं होतं.

इथे कुणीही समंजस माणूस गप्प बसला असता, असं सून म्हणते. पण तिने तो वाद ऐकलेला नाही. गेला आठवडाभर हा माणूस मला सांगत होता की हरणाला रबरी बुटाचा वास येत नाही, आणि समोर साक्षात हरीण येऊन त्याला खोटं पाडत होतं. असा साक्षीदार पुन्हा मिळत नाही.

"बघ!" मी म्हणालो. "म्हणे वास धरत नाही!"

मी हळूच म्हणालो होतो. पण ते गिरणीतलं हळूच होतं. नर जागच्या जागी उडाला आणि दिसेनासा झाला. लांब कुठल्यातरी शेतातलं कुत्रं भुंकायला लागलं.

वॉल्टर दारापासून मागे सरकला. मग त्याने बंदूक रिकामी केली, खाली बसला आणि दोघांना कॉफी ओतली. मला ओतताना कप भरून ओतली. वाद मी जिंकला होता, पण कप तसाच फळीवर ठेवला.

घरी निघायला खाली आलो तेव्हा बुटांची दुसरी बाजू कळली. मी ते नेमके पत्र्याच्या कडेखाली ठेवले होते. दिवसभराची पागोळी त्यांत पडली होती. दोन्ही बूट गळ्यापर्यंत भरले होते आणि वर बर्फाची पापडी धरली होती. रबरी बूट पाणी आत येऊ देत नाही हे मी मान्य करतो. आत आलेलं बाहेरही जाऊ देत नाही. वहाणेत पाणी साठत नाही, ही साधी गोष्ट आहे.

वॉल्टरने बूट उपडे केले, आत हात घातला आणि ओल्या अस्तराला हात लागताच काढून घेतला. मी घालायला निघालो तर त्याने अडवलं आणि दोन बोटांची कात्री करून पायाची बोटं छाटून दाखवली. ट्रक बांधाच्या अलीकडे येऊ शकत नव्हता. मी म्हणालो, अनवाणी येतो, पाटणच्या डोंगरात सारं आयुष्य चाललोय. मोजे खिशात घातले आणि निघालो. मक्याचे खुंट गोठून सुळ्यासारखे झाले होते. चार पावलांवर थांबलो. (मी थांबलो ते वाऱ्याची दिशा बघायला.)

मागे वळलो तर वॉल्टर पाठ करून, गुडघे वाकवून उभा होता. मी नाही म्हणालो. तो हलला नाही. अंधार पडायला लागला. शेवटी मी मोजे चढवले आणि त्याच्या पाठीवर बसलो. त्याची रिकामी बंदूक माझ्या गळ्यात आणि माझे बूट त्याच्या.

अर्ध्या शेतात कुंपणापलीकडे नारिंगी जाकिटं घातलेली दोन माणसं भेटली. त्यांनी वॉल्टरला विचारलं, काही मिळालं का.

"जस्ट धिस वन," वॉल्टर म्हणाला.

एवढं इंग्रजी मला येतं. ते दोघे हसत राहिले. मी पाठीवरून वॉल्टरला सांगितलं की तू बुटांत असून घोट्यापर्यंत चिखलात आहेस आणि मी मोज्यांत असून कोरडा आहे, तेव्हा विचार कर. त्याला कळलं नाही. धाप लागली होती.

घरापाशी ट्रक थांबला. खिडकीत श्रीरंग, लतिका आणि सुमेधा अशी रांग होती. वॉल्टर उतरून माझ्या दाराशी आला आणि पुन्हा पाठ वाकवून उभा राहिला. मी त्याच्या बाजूच्या दाराने उतरलो आणि मोज्यांवर, थंडगार ड्राइव्हवेवरून, ताठ मानेने घरात गेलो.

"आप्पा, बूट कुठेत?" श्रीरंगने विचारलं.

"ज्याचे त्याच्याकडे."

"आणि तुम्ही असेच आलात?"

"आपल्या पायांनी आलो. जाताना बूट होते. येताना पाय होते. तुझी अट पुरी झाली."

त्याचा विश्वास बसला नाही. तो दारात गेला आणि वॉल्टरला विचारलं, सगळं नीट पार पडलं ना, हे शेतातूनसुद्धा स्वतः चालत आले ना. वॉल्टर चिखलाने मांड्यांपर्यंत माखला होता, त्याची कंबर धड सरळ होत नव्हती. त्याचं हरीण मी घालवलं होतं. एका शब्दाचं काम होतं, की बुधवारची बस.

"ही वॉक्ड फाइन," वॉल्टर म्हणाला आणि गेला.

सेंटर टळलं. शरयूने पाय शेकायला गरम पाणी दिलं. झोप मात्र लागली नाही. माझ्यावर कुणाचं उसनं कधी राहिलेलं नाही, आणि हे तर एका माणसाच्या पाठीवरचं.

मंगळवारी संध्याकाळी वॉल्टर आला. कमरेला पट्टा बांधला होता. आल्यापासून टोपी हातात फिरवत होता आणि बोलत सुमेधाशी होता. ती ऐकून माझ्याकडे वळली.

"आजोबा, ही गोज टू द सेंटर. एव्हरी वेन्स्डे. तिथे सगळं पेअर्समध्ये करतात. त्याचा पार्टनर मुलीकडे फ्लोरिडाला गेला. पार्टनर नसला तर त्याला भिंतीपाशी बसवतात. ही वॉन्ट्स टू नो इफ..."

शेताचं, पाठीचं, हरणाचं त्याने नाव काढलं नाही.

लतिका स्वयंपाकघरातून बाहेर आली. श्रीरंगने पेपर खाली घेतला. दोघं माझ्याकडे बघत होते.

"मी जाणार नाही," मी म्हणालो. "वॉल्टर जातोय. मी त्याच्या सोबतीला."

बुधवारी बस दारात आली. सेंटरमधल्या बाईने माझ्या डोक्यावर कागदी मुकुट घातला आणि आम्हाला समोरासमोर खुर्च्यांत बसवलं. फुगा गुलाबी होता. तो पायांनी उडवायचा होता. तासभर उडवला. वॉल्टरची कंबर धरलेली, त्याला पाय उचलवेना, म्हणून त्याच्या वाटचाही मीच उडवला. जमिनीला एकदाही लागू दिला नाही.

उसनं फिटलं.