पहिलीतली मोठी माणसं

"आज दहा वाजता तुम्ही पहिलीत बसायचं," मोठ्या बाईंनी चहा गाळता गाळता नवऱ्याला सांगून टाकलं.

नवरा टेलर होता. बाईंच्या अशा वाक्यांना प्रश्न विचारून काही हाती लागत नाही, हे त्याला लग्नानंतर फार लवकर कळलं होतं. तरी त्याने विचारलं, "आणि माझं दुकान?"

"दुकानावर गिऱ्हाईक आलं तर थांबेल. साहेब उद्या येणार आहेत, ते थांबणार नाहीत."

साथीमुळे शाळा वर्षाहून जास्त बंद होती. मोठ्या बाई तिथल्या मुख्याध्यापिका. शाळा छोटी असल्यामुळे पहिलीचा वर्गही त्याच घेत. या महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. त्यांची शेवटची पहिली त्यांनी आजवर फक्त फोनवर शिकवली होती, स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीला फोन टेकवून. टेलर पलीकडच्या खोलीत मशीन चालवायचा, आणि बाई "हं, आता सगळ्यांनी मोठ्याने" म्हणाल्या की मशीन थांबवायचा. त्या वर्षात तोही पुन्हा बाराखडी शिकला असं म्हणायला हरकत नाही.

आता शाळा उघडायची परवानगी मिळणार होती, पण आधी तपासणीचे साहेब बघून जाणार. त्यांनी होकार दिला तर लगेच शाळा. नकार दिला तर थेट पुढच्या वर्षी. म्हणजे बाई घरी बसणार आणि ती मुलं त्यांना कधी भेटणारच नाहीत.

दुसरं कोणी असतं तर हळहळत बसलं असतं. बाईंनी आठवडाभर शाळा अंगावर घेतली होती. सगळ्या खिडक्यांचे गंजलेले कडी-कोयंडे तेल घालून सोडवले. बाक एकेकट्या मुलासाठी लांब लांब मांडले. अंगणात सुतळी आणि खडू घेऊन स्वतः वाकून गोल काढले, एका मुलाला एक गोल. हात धुताना नळाला हात लागू नये म्हणून तोटीला दोरी बांधली आणि ती पायाने ओढायची सोय केली. ही कल्पना पाहून टेलर तोंडात टाचण्या धरून बराच वेळ नुसता बघत उभा राहिला होता.

एवढं झाल्यावर बाईंना वाटलं, एकदा करून बघायला हवं. मुलांवर कसं करून बघणार? म्हणून मोठी माणसं.

दहा वाजता अंगणात नवरा, नणंद, बेकरीवाला आणि गल्लीतली आणखी चार-सहा माणसं गोलांत उभी राहिली. बेकरीवाल्याची नात याच पहिलीत होती. बाईंच्या हाताखालच्या धाकट्या बाई मास्क वाटत होत्या. टेलरने ते मुलांसाठी आठवडाभर खपून शिवले होते. प्रत्येकाने लावला आणि प्रत्येकाला अगदी छान बसला.

"वा, दादा!" नणंद म्हणाली. "मापात आहे हं अगदी. नाही तर माझ्या ब्लाउजला काय केलंस ते आठवतंय मला."

बाई मात्र नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, हे मुलांचे आहेत ना?"

"मुलांचेच आहेत."

"मग वन्संना कसे बसले?"

टेलरने जन्मभर शाळेचे गणवेश शिवले होते. पोर वाढतं म्हणून प्रत्येक शर्टात, प्रत्येक चड्डीत तो दोन बोटं कापड जास्त ठेवायचा. तसं न ठेवता कात्री चालवणं त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. "वाढत्या अंगाची पोरं," तो पुटपुटला. "त्यात वर्षभर शाळा बंद. वाढली असतील."

"चेहरा इतका वाढतो होय? डोळे झाकले जातील त्यांचे! संध्याकाळी सगळे उसवून लहान करायचे." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "शिलाई मात्र सुरेख आहे."

टेलरची दिवसाची कमाई झाली.

तालीम सुरू झाली. मोठ्या माणसांना एकदा मूल व्हायला सांगितलं की ती मुलांपेक्षा वाईट मुलं होतात, याचा अंदाज बाईंना आला नव्हता. नणंद आपला गोल सोडून शेजारणीच्या गोलात गेली, कारण तिथे सावली होती. एकाने बोलता यावं म्हणून मास्क हनुवटीवर घेतला. बाई "मास्क वर" म्हणाल्या, त्याने वर घेतला, आणि "हो बाई" म्हणायला पुन्हा खाली घेतला.

बेकरीवाला हात धुवायला शाळेमागे गेला. मुलाच्या पायाचा जोर धरून बांधलेली ती दोरी. बेकरीवाला पहाटेपासून पिठाची पोती उचलणारा माणूस. त्याने पाय मारला तशी दोरी आली, दोरीबरोबर तोटी आली आणि तोटीमागून पाणी आलं.

"बाई!" मागून आरोळी आली. "नळ हातात आला!"

"हाताने कशाला ओढलात? पायाने म्हटलं होतं!"

"पायानेच ओढला! आता हातात आहे!"

"पाईपला अंगठा लावा आणि हलू नका! धाकट्या बाई, पळा, नळवाल्याला घेऊन या!"

बेकरीवाल्याने अंगठा लावला. तोवर पाणी भिंतीच्या कडेने अंगणात आलं होतं. खडूचे गोल एकेक करून ओले झाले, फिके झाले आणि गेले. गोल गेल्याबरोबर सगळी माणसं पाय भिजू नयेत म्हणून एकाच कोरड्या पायरीवर चढून एकमेकांना धरून उभी राहिली.

"वहिनी, आता कुठे उभं राहायचं?" नणंदेने विचारलं.

"वर्गात," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. पदरी काय शिल्लक आहे ते बघायचं आणि त्यातून पुढचं करायचं, ही त्यांची रीत. "एकामागे एक. हाताच्या अंतराने. वन्सं, स्वतःच्या हाताच्या, शेजारणीच्या नाही."

वर्ग जरा बसतोय तोच दारात एक माणूस उभा राहिला. मध्यम वय, खांद्याला पिशवी, तोंडावर मास्क. बाईंनी एका माणसाला मुद्दाम उशिरा बोलावलं होतं. उशिरा आलेल्या मुलाचं काय करायचं तेही बघायचं होतं. बेकरीच्या गाडीवर नव्याने लागलेला ड्रायव्हर हे काम करणार होता. त्याला ओळखणारा एकटा बेकरीवाला, आणि तो मागे अंगठा लावून उभा.

"उशीर का झाला?" बाईंनी विचारलं.

माणूस गोंधळला. "उशीर? मी तर..."

"आधी मास्क नाकावर घे. नाक काय फिरायला आलंय का? हं. आता बोल, उशीर का झाला?"

"गाडी बंद पडली होती वाटेत."

"पहिलीतलं मूल गाडी चालवतं का? चालत यायचं. जा, तिथे रिकामा बाक आहे, बस."

"अहो बाई, मी इथे..."

"बसल्यावर बोलायचं. हात वर करून."

त्या आवाजापुढे भले भले बसले आहेत. माणूस बसला. पहिलीचा बाक म्हणजे बसायची फळी आणि पुढचं डेस्क एकाच लोखंडी चौकटीत जोडलेलं. तो आत कसा गेला हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. मग त्याने हात वर केला.

बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवायच्या आतच दारात दुसरा माणूस आला. अंगावर पीठ, हातात गाडीची किल्ली. "नमस्कार बाई. शेठनी उशिरा जा म्हणून सांगितलं होतं. एवढा उशीर पुरे ना, का अजून एक चक्कर मारून येऊ?"

बाईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं. मग बाकावरच्या माणसाकडे.

"मग तुम्ही कोण?"

"मी तपासणीला आलोय," साहेब हात तसाच वर ठेवून म्हणाले. "कळवलेल्या दिवशी सगळ्याच शाळा छान दिसतात. म्हणून एक दिवस आधी आलो."

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, अंगठा काढू का हो? मुंग्या आल्या!"

"नाही!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

साहेब उठायला गेले आणि त्यांच्याबरोबर बाकही उठला. झालं. टेलरने त्यांना काखेतून धरलं, नणंदेने बाक धरला, ड्रायव्हरने नणंदेला मागे ओढलं, आणि उरलेले सगळे "असं नाही, तसं ओढा" सांगायला मास्क खाली करून भोवती गोळा झाले. शाळेत अंतर कसं ठेवायचं ते बघायला आलेल्या साहेबांच्या भोवती तसूभरही अंतर उरलं नाही.

"जागेवर!" बाई म्हणाल्या.

क्षणात सगळे आपापल्या बाकावर होते. बाई एकट्या पुढे आल्या, तेही हातभर लांब थांबल्या. "घाबरू नका. दर वर्षी एक तरी अडकतं. पोटातला श्वास सोडा. आधी डावा गुडघा बाहेर. उजवा राहू दे. आता अंग भिंतीकडे वळवा. हं, शाबास."

साहेब बाहेर आले. त्यांनी कपडे झटकले, खिडक्यांकडे पाहिलं, ओल्या अंगणाकडे पाहिलं, आणि मान हलवली. "बाई, वाईट वाटतं सांगायला. पण हे असं असेल तर मी शाळा उघडू देऊ शकत नाही."

टेलरला आठवली ती फोन टेकवायची फळी. उद्या ती फळी परत नुसती डब्यांची होणार.

बाईंनी मात्र मान खाली घातली नाही. "साहेब, आज काय काय मोडतं ते बघायलाच मी यांना बोलावलं होतं. मास्क मोठे आहेत ते कळलं. तोटी नाजूक आहे ते कळलं. खडू पाण्याने जातो ते कळलं. हे सगळं मुलांच्या समोर कळलं असतं तर चाललं असतं का?"

"नळ, खडू मी समजू शकतो. पण ही माणसं बघितलीत ना? एक ऐकत नाही. मुलं काय ऐकणार?"

"ही मोठी आहेत साहेब, म्हणून ऐकत नाहीत. मुलांना एकदा सांगितलं की पुरतं." बाई जरा थांबल्या. "तुम्हाला मास्क वर घ्यायला सांगून किती वेळ झाला?"

साहेबांचा हात नकळत नाकाकडे गेला. मास्क ओढाताणीत कधीच खाली आला होता. त्यांनी तो वर घेतला.

"उद्या सकाळी पहिलीची मुलं बोलवा," ते म्हणाले. "फक्त मुलं. मी इथे उभा राहून बघेन. ठीक झालं तर शाळा सुरू, नाही तर मला आग्रह करायचा नाही. आणि एक. ही सगळी मंडळी रस्त्याच्या पलीकडे."

त्या दुपारी नळवाल्याने तोटी बसवली आणि बेकरीवाल्याचा अंगठा सोडवला. बाईंनी या वेळी रंगाने गोल काढले. टेलरने सगळे मास्क उसवले आणि बेकरीवाल्याच्या नातीच्या मापाने पुन्हा शिवले. हात दोन बोटं पुढे जायचा, तो मागे घ्यायचा. पुन्हा जायचा, पुन्हा घ्यायचा.

सकाळी घरात नुसती पळापळ झाली. बाई चहा अर्धा टाकूनच निघाल्या. टेलर मास्कची पिशवी घेऊन मागोमाग धावला.

मुलं आली. फाटकातून एकेक आत गेली. पायाने दोरी हलकेच ओढली, हात धुतले, मास्क लावला आणि आपापल्या गोलात जाऊन उभी राहिली. कोणी कोणाच्या गोलात गेलं नाही. एका मुलाची टोपी वाऱ्याने उडून शेजारच्या गोलात पडली, तर तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, बाई "घे" म्हणेपर्यंत.

रस्त्यापलीकडे मात्र पालक एकमेकांच्या खांद्यावर चढायचे बाकी होते. प्रत्येकाचा मास्क हनुवटीवर, आणि प्रत्येक जण घसा ताणून ओरडत होता, "बाळा, मास्क वर घे!" साहेब मुलांना बघायचं सोडून निम्मा वेळ पालकांवरच डाफरत होते.

बाई पायऱ्या उतरून मुलांसमोर आल्या. वर्षभर चौकोनात पाहिलेली ती डोकी आता अख्खी समोर उभी होती. बाई एकेकाकडे बघत राहिल्या. मुलंही टक लावून बघत होती. मग पुढच्या गोलातली एक चिमुरडी जोरात म्हणाली,

"अय्या! बाईंना पाय आहेत!"

सगळ्या वर्गाने बाईंच्या पायांकडे पाहिलं. फोनमध्ये बाई गळ्यापर्यंतच होत्या.

"आहेत," दुसरा एक जण नीट बघून म्हणाला. "पण वेगवेगळे आहेत."

बाईंनी खाली पाहिलं. एका पायात त्यांची तपकिरी चप्पल होती. दुसऱ्या पायात काळी, मोठी, पुरुषाची.

साहेब बघत होते. रस्त्यापलीकडून अख्खी गल्ली बघत होती. बाईंनी चप्पल लपवली नाही. उलट दोन्ही पाय जरा पुढे केले.

"शाबास. बरोबर पाहिलंत. आता सांगा बरं, यातली मोठी कोणती आणि लहान कोणती? ज्याला येतं त्याने हात वर करायचा. जागेवरूनच."

सगळे हात वर गेले. एकही पाऊल गोलाबाहेर आलं नाही. साहेबांनी धाकट्या बाईंना खूण केली, "घ्या शाळा सुरू करून. रोजची."

रस्त्यापलीकडे टाळ्या पडल्या. टेलरने काही टाळ्या वाजवल्या नाहीत. तो एक पाय दुसऱ्यामागे लपवून, बगळ्यासारखा उभा होता आणि त्याचे डोळे ओले होते.

"काय हो टेलरमास्तर," बेकरीवाल्याने विचारलं, "पाय मुरगळला का?"

"छे हो," टेलर म्हणाला. "माझी एक चप्पल पहिलीत गेलीय. सुटेपर्यंत थांबतो."