दिवेलागणीची शिकवणी

तिन्हीसांजेला नलिनीने दिवा मालवला, खिडकी लोटली आणि साडेचार वर्षांच्या शकुसमोर मेणबत्ती लावली. "ज्योत हलली पाहिजे हं," ती कुजबुजली.

"प्… प्… प्…" शकुने केलं. ज्योत दचकली. भिंतीवरची सावली छतापर्यंत वाढली, आक्रसली, पुन्हा वाढली.

ही युक्ती ऑफिसातल्या अनुपमाची. इंग्रजी अक्षराचं नाव घोकून घ्यायचं नाही, नुसता आवाज शिकवायचा. मग मूल आपोआप वाचू लागतं. शकु चुकून 'पी' म्हणाली की नलिनी डोळे वटारायची. सोमवारी मालाडच्या इंग्रजी शाळेत मुलाखत होती. तिथे पोर गप्प राहिली तर वर्ष फुकट जाणार होतं. नलिनी कामावरून यायचीच दिवेलागणीला, म्हणून शिकवणीही तेव्हाच.

शेजारची विमला स्टोची पिन मागायला आली होती. खिडकीच्या फटीतून तिला दिसलं ते एवढंच : अंधार, मोकळ्या केसांची पोर, समोर ज्योत, आणि "स्स्स्स… ह्… ह्… म्म्म्म." ती पिनेशिवायच उलट्या पावली परतली.

"अगं, शकुच्या अंगात येतं, आणि आई स्वतः समोर बसून करून घेते!" सकाळी तिने नळावर सांगितलं. "डोळ्यांनी बघितलं मी!"

झालं! चाळीतली मुलं शकुशी खेळेनाशी झाली. उंबऱ्यावर लिंबू आलं. नलिनीने त्याचं सरबत केलं, तेव्हा विमलाला घेरी यायचीच बाकी राहिली. पण बिचाऱ्या शकुचं बोलणंच आटलं. भरदुपारी जिन्यात एकटी बसून ती नुसते आवाज काढायची. आता मात्र नलिनी हबकली. मुलाखतीत हिने तोंडच उघडलं नाही तर?

रविवारी दिवेलागणीला चाळीतले मालवणचे दत्ताराम गाऱ्हाणं घालायला नारळ घेऊन दारात उभे राहिले. मागे सगळा मजला.

"बा देवा म्हाराजा! ह्या पोराक जा काय लागला आसात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मजला गरजला.

नलिनी मोरीतून धावत येईपर्यंत दार किलकिलं झालं. हातात मेणबत्ती घेऊन शकु उभी होती.

"कोण आसस तू?" दत्तारामांनी दरडावलं. "नाव सांग!"

"नाव नाही सांगायचं," शकु शांतपणे म्हणाली. "नुसता आवाज काढायचा. प्!"

मेणबत्ती विझली. अंधारात दारं धडाधड लागली. दत्तारामांचा नारळ तेवढा जिन्यावरून खाली जात राहिला, पायरी पायरी वाजत.

सोमवारी मॅडमनी नाव विचारलं. शकु गप्प. मग मॅडमनी पुस्तकातल्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"प्…" शकुचे ओठ हलले. "…ए… न्. पेन!"

"ही वाचते?" मॅडम थक्क झाल्या. प्रवेश तिथेच पक्का झाला. नलिनीला रडू आवरेना.

संध्याकाळी दार वाजलं. बाहेर विमला. एका हातात तिचा बाळा, दुसऱ्या हातात नवी मेणबत्ती. मागे दत्ताराम, नातीला घेऊन.

"नलू," विमला खाली बघत म्हणाली, "शकुच्या अंगात जे काय आलंय ना, ते आमच्या बाळाच्या पण अंगात घाल ना गं!"

नलिनीने पोरांना आत घेतलं आणि दिवा मालवला.