टोपीकराच्या एका क्रियापदाची हकीकत

वाणीच्या देवतेस दंडवत घालून, जे घडले ते लिहितो ऐसीजे. शके सतराशे वीस, काळयुक्तनाम संवत्सरे, एके राज्यी नरसोपंत म्हणोन दुभाषे होते. टोपीकरांशी तह झाला आणि युवराज आनंदराव त्यांचे छावणीत ओलीस राहिले, म्हणोन महाराजांनी पंतांस इंग्रजी शिकावयाची आज्ञा केली. मग पंत किल्ल्यावरील एका म्हाताऱ्या टोपीकर गोलंदाजापाशी बसो लागले. त्याने सांगितले, जाणे म्हणजे 'गो', काल गेला तर 'वेंट', आणि जाऊन चुकला तर 'गॉन'. पंत कपाळ धरून म्हणाले, "एका घरची लेकरे, आणि तोंडावळा एकाचा एकास नाही!" तरी पाठ केले. परंतु 'हॅड' आणि 'वुड' यांची गाठ सुटली नाही तोच गोलंदाज वारला.

पुढे युवराजांस ज्वर आल्याची बातमी आली. महाराज निघणार, तों शास्त्रीबुवांनी मुहूर्त नाही म्हणोन थोपविले. मग टोपीकरांचा वकील दरबारी आला आणि टोपी काढून, मान लववून बोलला, "इफ यू हॅड कम, ही वुड हॅव लिव्ह्ड." पंतांस 'येणे' कळले, 'जगणे' कळले, आणि मधले काही कळेना. पुन्हा पुसावे तर भर दरबारी लाज. महाराज म्हणाले, "पंत, लौकर सांगा." पंत बोलिले, "महाराज आले तर युवराज जगतील."

मग नौबत झडली आणि साखर वाटली, आणि वकील थक्क होऊन पाहात राहिला. महाराज वैद्य घेऊन तैसेच निघाले, पंतही संगे गेले. छावणीत पोहोचोन पाहतात तों नदीकाठी चितेची राख. महाराज म्हणाले, "पंत, तो वकील काय बोलला होता?"

पंतांस तेव्हा उमगले. "महाराज आले असते, तर युवराज जगले असते."

"हे आपल्या भाषेत बोलता येत होते?"

"येत होते, महाराज." आणि पंतांनी पायांवर डोई ठेवून, हत्तीच्या पायी द्यावे ऐसे मागितले.

महाराज म्हणाले, "उठा. राणीसाहेबांस तुम्हीच जाऊन सांगा."

पंत परतले. राणीसाहेब वेशीपर्यंत सामोऱ्या आल्या आणि पुसो लागल्या, "आनंदा कसा आहे? अंगात ताप आहे का अजून?" पंतांचे तोंडून 'आहे' निघेना. "होते," एवढेच बोलिले, आणि धुळीत बसले.

पुढे पंत बहुत वर्षे जगले. इंग्रजीचे सर्व काळ त्यांस उत्तम साधले, आणि कोणी वाखाणिले तर ते उठोन जात. ऐसे वर्तमान जाहले. लेखणी येथे ठेविली.